उंदरांनी कुरतडलेली बंदूक

हवालदार मगदुमांच्या हिरडीत मी सुई टोचत होतो, तेवढ्यात दवाखान्याचं दार ढकलून एक बाई आत आली. तिच्या काखेत गोधडीत गुंडाळलेलं लांबलचक काहीतरी होतं आणि गोधडीच्या टोकातून लोखंडी नळीचं तोंड बाहेर डोकावत होतं. मगदूम ताडकन उठायला गेले. त्यांचा जबडा माझ्या हातात होता, म्हणून जमलं नाही.

“परवाना हाय,” बाईनं आधी हवालदारांनाच सांगितलं. “माज्या नावावर झालाय. दावू?”

मगदुमांनी तोंड उघडं ठेवूनच नको म्हणून हात हलवला. मग ती माझ्याकडे वळली.

“जुन्या बंदुका नीट करत्यात ते डाक्टर तुमीच न्हवं?”

मीच. गडहिंग्लजात माझा दातांचा दवाखाना होता आणि मागच्या खोलीत माझा दुसरा संसार. ठासणीच्या जुन्या बंदुका, म्हणजे तोंडातून दारू ओतून, वर गोळी घालून, गजानं ठासून भरायच्या बंदुका, हा माझा नाद. कुणाच्या माळ्यावर गंजत पडलेली बंदूक आली की तिचा गंज काढायचा, मोडलं-तुटलं सांधायचं, ती कुठल्या काळातली, कुणी घडवली, कुणी वापरली हे शोधायचं. दात कोरायची हत्यारं ह्या कामाला फार छान चालतात. माझी बायको सुनीती म्हणायची, “माणसांचे दात काढून ह्यांचं समाधान होत नाही, म्हणून बंदुकांचे काढतात.” लोकांना ती हे माझ्यासमोरच सांगायची.

मगदुमांना गालाला हात लावून बसायला सांगितलं आणि बाईला मागच्या खोलीत नेलं. बंदूक हातात आल्यावर सवयीनं मी आधी गज नळीत सोडला. तो बुडापर्यंत गेला, की आत काही अडतंय, हे बघायचं असतं. जुन्या बंदुका कितीदा भरलेल्याच निघतात.

बाईला ते आवडलं नाही. “भरल्याली बंदूक घिऊन यष्टीत बसंन व्हय मी?”

तिचं नाव गौरा नाईक. आजऱ्याच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या करंबेवाडीची. चाळिशीची असेल. उन्हानं रापलेली, सडसडीत, कपाळ मोकळं आणि दोन्ही मनगटं रिकामी. नवरा लवकर गेला, तशी ती माहेरी आली आणि बापाची शेती तिनंच बघितली. रानडुकरं भाताची नासाडी करायची, म्हणून बापानं तिला बंदूक चालवायला शिकवलं. तो बाप त्याच साली पावसाळ्यात वारला होता. मागे मुलगा नव्हता.

“मुठीपाशी लाकूड फुटलंय,” ती म्हणाली. “तेवडं सांदा. आणि आणखी एक काम हाय.”

ते दुसरं काम सांगायला तिला जरा वेळ लागला. करंबेवाडीत रवळनाथाची जत्रा होते. पालखी देवळातून उठते त्या क्षणी पहिला बार नाईकांच्या बंदुकीचा. बार झाल्याशिवाय पालखी हलत नाही. रायाजी नाईक म्हणून त्यांचा कुणी पूर्वज होता, त्यानं पालखीवर चालून आलेला वाघ ह्याच बंदुकीनं मारला, तेव्हापासून हा मान त्या घराला. आता बाप गेल्यावर तिचा चुलतभाऊ शामराव म्हणत होता, की मान आमच्या घराकडे यावा. बाईनं देवाचा बार काढायचा नसतो.

“डुकरं मारायला माजा हात चालतोय,” गौरा म्हणाली. “धा वर्सं गावाचं भात म्या राखलं. तवा कुनी काय म्हनलं न्हाई. देवाला तेवडा चालत न्हाई.”

“मग गावकीचं काय म्हणणं?”

“भिवाआप्पा गावडे मोठे हायत गावात. त्यांनी सांगिटलं, पूर्वीपासनं जे हाय ते ऱ्हाईल. गौराच्या आदी ह्या बंदुकीला बाईचा हात लागल्याला कुनी दाखवला, तर गौरानं बार काडावा. न्हाईतर शामरावानं.” तिनं बंदुकीवरून हात फिरवला. “तुमी बंदुकीचं मूळ-कूळ सांगता म्हनं. हिच्यात काय घावतंय का बगा.”

मी बघतो म्हणालो. खरं सांगायचं तर, काही सापडेल असं मला मुळीच वाटत नव्हतं.

बंदूक बघायला घेतली आणि माझी कळी खुलली. फार जुनी नव्हे, पण देखणी. नळी इथल्याच कुणा लोहारानं पट्टी गुंडाळून जोडलेली, घोडा आणि त्याच्या खालचं यंत्र विलायती, लाकूड शिसवाचं. दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडाच्या, बुडाला पितळी पत्रा होता. तो पत्रा काढून आतला काप पाहिला आणि मी थबकलो. दस्ता मुद्दाम कापून चांगला चार बोटं आखूड केलेला होता. काप जुना होता, बाकीच्या लाकडाइतकाच काळा पडलेला. म्हणजे बंदूक जवळपास नवी असतानाच कुणीतरी ती आखूड हातांसाठी करून घेतली होती.

दोन दिवसांनी शामराव नाईक स्वतःच दवाखान्यात आले. दाढ दुखतेय म्हणाले. मी तपासली, दाढ ठणठणीत होती. धिप्पाड माणूस, पांढरं धोतर, बोलायला गोड.

“बंदूक तुमच्याकडं आल्याली कळलं,” खुर्चीत टेकून ते म्हणाले. “माझं गौराशी वैर न्हाई, डाक्टर. धाकटी भन हाय माझी. पण गावात रीत म्हनून काय हाय का न्हाई? तुमी जत्रंला या. बंदूक रायाजीची हाय एवढंच चारचौघांत सांगा. बास.”

“तुमचे रायाजी कसे होते दिसायला?”

“सा फुटावर! आमच्या जुन्या घराची चौकट त्यांच्यासाठी उचलून बसवल्याली. आमी सगळी त्येंच्यावरच गेलोय.” त्यांनी आपल्या रुंद खांद्यांकडे बोट दाखवलं.

मी हात धुवायला वळलो. सहा फुटी माणूस ही आखूड बंदूक खांद्याला लावेल, तर त्याचा अंगठा नाकात जाईल.

पुढच्या खेपेला गौरा आली तेव्हा मी तिला जे दिसलं ते सांगून टाकलं. मला वाटलं, सत्य सांगितलेलं बरं.

“ही बंदूक रायाजीची असेलसं वाटत नाही. त्याच्या हाताला ही बसणारच नाही.”

तिनं बंदुकीकडे नेलेला हात मागे घेतला.

“म्हंजे ना माजा मान ना शामदाचा,” ती म्हणाली. “ही रायाजीची न्हाई म्हनल्यावर घराचाच मान गेला की वं, डाक्टर. माजा बा मरताना म्हनला हुता, गौरे, बार चुकवू नको.” तिचे डोळे भरले आणि तिनं ते पदरानं पुसलेही नाहीत. “ह्ये तुमी तितं सांगू नगासा.”

मला फार वाईट वाटलं. चुकीचं काही बोललो नव्हतो, तरी एका बाईचा बाप मी दुसऱ्यांदा मारल्यासारखं वाटलं. निदान बंदूक तरी अशी सुरेख करून देऊ की देवापुढे शोभली पाहिजे, असं मी मनाशी ठरवलं.

मुठीची फूट सरसानं सांधली. घोड्याचा गंज काढला. राहिला एकच डाग. नळीखालच्या लाकडावर, पार पुढे तोंडाजवळ, डाव्या अंगाला लहान लहान खाचांचा एक पट्टा होता. बारीक, किंचित वाकड्या खाचा, एकीवर एक, काळपट. बंदुकीच्या लाकडाला लोक खोबरेल किंवा चरबी चोळतात आणि त्या वासावर उंदीर येतात. असे उंदरांचे दात मी बऱ्याच बंदुकांवर पाहिले होते. दाताच्या डॉक्टरनं उंदराचे दात ओळखले नाहीत तर काय उपयोग! मी लाख आणि शिसवाचा भुसा कालवून स्पिरिटच्या दिव्यावर मऊ केला. खाचा बुजवायच्या, घासायच्या, वर तेल. कुणाला पत्ताही लागला नसता.

रविवारची दुपार होती. लाख मऊ होईपर्यंत नळी आतून साफ करून घ्यावी म्हणून मी सुनीतीला हाक मारली. गजाच्या टोकाला चिंधी गुंडाळून तो नळीत खालवर करायचा असतो आणि माझ्या डाव्या हाताला सरस लागलेला होता.

“ही जरा उभी धर. वर, तोंडाजवळ. घट्ट.”

“माझ्या अंगावर उडाली म्हणजे?”

“रिकामी आहे ग.”

“सगळे असंच म्हणतात आणि मग पेपरात येतं,” असं म्हणत तिनं एका हातानं बंदूक धरली. मी गज आत घातला आणि जोरात दाबला. खट्. वर ओढला, पुन्हा दाबला. खट्.

“थांबा, थांबा!” सुनीती ओरडली. “माझ्या पाटल्या चेपतील. लाकडावर आपटताहेत तुमच्या प्रत्येक दणक्याला.”

मी तिच्या मनगटाकडे बघितलं. पाटल्या सरकून लाकडाला टेकल्या होत्या, डाव्या अंगाला, पार पुढे तोंडाजवळ. बरोबर उंदरांच्या दातांवर.

“अशीच उभी राहा,” मी म्हणालो. “हलू नकोस.”

“आता काय झालं?”

दातांचा ठसा घ्यायचं मेण माझ्याकडे असतंच. मी खाचांचा ठसा घेतला, मग तिच्या पाटलीची कड मेणात दाबून दुसरा घेतला. दोन्ही ठसे शेजारी ठेवले. पाटलीची कड जाड आणि खाच बारीक, पण वाक तोच. दातानं कुरतडलेलं लाकूड आतून खरवडलेलं असतं. हे तर ठोकून ठोकून दबलेलं होतं. पुन्हा पुन्हा, वर्षानुवर्षं, बंदूक ठासताना.

सुनीती ठशांकडे बघत होती. बंदुकांच्या बाबतीत तिनं थट्टा केली नाही असा तो एकच दिवस.

“कोण असेल हो ती?” तिनं विचारलं.

मी दिवा विझवला. लाख वाटीतच घट्ट झाली. आणखी तासभर गेला असता तर मी स्वतःच्या हातानं त्या बाईला बुजवून, वर तेल लावून, पुसून टाकलं असतं.

जत्रेला आम्ही दोघंही गेलो. देवळासमोरच्या पटांगणात गावकी बसली होती. पालखी सजून तयार, ढोलवाले सावलीत ढोल तापवत होते. भिवाआप्पा गावडे पायरीवर बसले होते. दात एकही नव्हता, पण नजर तीक्ष्ण. गौरा एका बाजूला बायकांच्या घोळक्याच्या पुढे उभी होती. तिला मी आधी काहीच सांगितलं नव्हतं. सांगायला धीर होत नव्हता. गावानं नाही मानलं तर?

“हं डाक्टर,” शामराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “बंदूक रायाजीचीच न्हवं?”

“बंदूक रायाजीच्या काळातलीच आहे,” मी म्हणालो. “पण चालवली दुसऱ्या कुणीतरी.”

पटांगणात गलका झाला. गौरानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला बोलणं नकोसं झालं. तरी मी दस्त्याचा काप दाखवला. एवढी आखूड बंदूक सहा फुटी गड्याच्या कामाची नाही, ही लहानखुऱ्या अंगाच्या माणसासाठी कापलीय, हे सांगितलं. मग लाकडावरच्या खाचा दाखवल्या.

“उंदरानं खाल्लंय त्ये,” शामराव हसले. दोघेचौघेही हसले.

“मलाही तसंच वाटलं होतं. हे दात नाहीत. ठासताना हातातल्या बांगडीचे घाव आहेत. बारीक कडेच्या, धातूच्या.”

“डाक्टर, तुमी शिकल्याली मानसं,” शामरावांचा आवाज अजूनही गोड होता, “पन बांगडी लाकडावर आपटली का उंदीर फिरला, ह्ये आता सांगनार कोन?”

मेणाचे ठसे माझ्या खिशात होते. ते काढून उपयोग नाही हे मला कळलं. माझ्या बायकोची गडहिंग्लजच्या सोनाराकडची पाटली करंबेवाडीत काय सिद्ध करणार होती? भिवाआप्पा मान हलवत होते आणि ती मान कुठल्या बाजूनं हलतेय ते दिसत होतं.

“आन हिकडं ती बंदूक.”

बायकांच्या घोळक्यातून एक म्हातारी उठली होती. वाकलेली, हातात काठी. शामरावांची आई, तायव्वा.

“आई, तू खाली बस,” शामराव म्हणाले.

“ऱ्हायले की बसून सत्तर वर्सं.” ती माझ्यासमोर आली. “कसं धरायचं म्हनलासा?”

मी बंदूक तिच्यापुढे उभी केली. तिनं काठी टाकली आणि डाव्या हातानं नळी तोंडाजवळ धरली. पदर मागे सरकला. मनगटावर चांदीचे दोन जुने गोट होते, झिजून कड बारीक झालेले. तिनं मूठ आवळली तसे गोट खाली घरंगळले आणि लाकडावर टेकले.

ते खाचांवर टेकले नाहीत. खाचांत बसले.

मी गुडघ्यावर बसून जवळून पाहिलं. गोटांच्या बाहेरच्या अंगाला चांदी एकाच जागी चेपलेली होती. दोन्ही गोटांची, त्याच रेषेत.

“ह्ये माज्या सासूचं,” तायव्वा म्हणाली. “तिच्या सासूचं. तिच्याबी आदीचं. घर फुटलं तवा बंदूक थोरल्याकडं गेली आन गोट आमच्याकडं आलं. सासूनं सांगिटल्यालं, ही चेप सोनाराकडनं काडून घिऊ नको, असूं दे. का असूं दे त्ये तिलाबी म्हाईत न्हवतं.” तिनं पुन्हा मूठ आवळून सोडली. गोट लाकडावर वाजले. “शामा, रायाजीला बायकू हुती न्हवं? का आभाळातनं पडला हुता?”

कुणी हसलं नाही. शामराव आईच्या मनगटाकडे बघत होते. हे गोट त्यांनी जन्मल्यापासून पाहिले असणार.

“नाव काय हुतं तिचं?” भिवाआप्पांनी विचारलं.

तायव्वानं डोकं हलवलं. कुणालाच ठाऊक नव्हतं. रायाजीच्या घराची चौकट किती उंच होती ते सगळ्या गावाला पाठ होतं.

भिवाआप्पांनी बोट वर केलं आणि ढोलवाले उठले. गौरा पुढे आली. तिनं बंदुकीला हात घातला, तशी तायव्वानं तिला अडवलं. एकेक करून दोन्ही गोट आपल्या मनगटातून काढले आणि गौराच्या रिकाम्या डाव्या मनगटात चढवले.

“काकी, म्या रांडमुंड बाई,” गौरा हळूच म्हणाली.

“त्ये चांदीला काय कळतंय,” तायव्वा म्हणाली. “ठास.”

गौरानं दारू ओतली, गज घातला. ढोल थांबले. त्या शांततेत पहिला दणका आणि त्याबरोबर चांदीचा लाकडावर आवाज. पुन्हा दणका, पुन्हा आवाज. माझ्या शेजारी सुनीतीनं माझा हात घट्ट धरला. मग गौरानं बंदूक खांद्याला लावली. ती तिच्या हाताला अशी बसली, जशी तिच्यासाठीच कापली होती. बार झाला, धूर देवळाच्या शिखरापर्यंत चढला आणि पालखी उठली.

शामराव त्या दिवशी जेवायला थांबले नाहीत. पुढची बरीच वर्षं बाजारात भेटले तरी माझ्याकडे बघून ओळख देत नव्हते. मीही दाढेची चौकशी केली नाही. गौरा मात्र दर दिवाळीला भात पाठवायची आणि निरोप यायचा, बार चांगला झाला.

आता माझा दवाखाना बंद झालाय. हात कापतो, त्यामुळे बंदुकांची कामंही मी फारशी घेत नाही. मागच्या वर्षी एक म्हातारा गोधडीत गुंडाळलेली बंदूक घेऊन घरी आला. खांदे अजून रुंद होते, पण वाकलेले. शामराव. गौरा पायानं अधू झाली होती, म्हणून तेच बंदूक घेऊन आले होते. मुठीची फूट पुन्हा उघडली होती, घोडा सैल झाला होता, लाकूड पार कोरडं पडलं होतं.

सुनीतीनं चहा दिला. त्यांनी तो बशीत ओतून, फुंकून, संपवला आणि मग एकदाचे बोलले.

“समदं नवं करा, डाक्टर. तेल पाजा, चकचकीत करा. जत्रा हाय पुढं.” त्यांनी बोट लाकडावर पुढे नेलं आणि तोंडाजवळ थांबवलं. तिथं जुन्या काळ्या खाचांवर नव्या, उजळ खाचा पडल्या होत्या. “पन ह्ये उंदरानं खाल्ल्यालं हाय न्हवं, त्येला तेवडा हात लावू नगासा.”